ओरिजिन्सच्या स्केलेटरला साठ डॉलर द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसभाऊ जानेवारीत न्यू जर्सीहून पुण्याला येतोय. त्याच्याकडून ही-मॅन या ऐंशीच्या दशकातल्या खेळण्याच्या जुन्या धर्तीच्या नव्या फिगर्स (छोटे बाहुले), म्हणजे मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीची ओरिजिन्स मालिका, मागवायची आहे. तिथल्या दुकानांत त्या मिळतात का, खरी किंमत काय, आणि ईबेवर एक जण कार्डावरच्या, म्हणजे मूळ पुठ्ठ्यावरून न काढलेल्या, स्केलेटरचे (ही-मॅनच्या शत्रूचे) साठ डॉलर मागतोय ते रास्त आहेत का?

साठ डॉलर देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो. मी बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो आणि दर शनिवारी सकाळी दूध-भाजी आणायला निघालो की टार्गेट आणि वॉलमार्ट या मोठ्या दुकानांच्या खेळण्यांच्या रांगेतून एक फेरी मारतोच. त्यामुळे हे बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट. आपल्याला एमआरपीची सवय असते. इथे पाकिटावर किंमत छापलेलीच नसते. कंपनी एक भाव सुचवते, दुकान स्वतःचा भाव लावतं आणि त्यावर राज्याचा विक्रीकर काउंटरवर चढतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. म्हणजे किमतीच्या पट्टीवर १९.९९ डॉलर दिसलं तरी मावसभावाच्या खिशातून २१.३१ जातात. त्याच्याशी हिशेब करताना हे धरा, उगाच गैरसमज नको.

आता भाव. ओरिजिन्सची पहिली जोडी, ही-मॅन आणि प्रिन्स ॲडम (ही-मॅनचंच दुसरं रूप), २०१९च्या सॅन दिएगो कॉमिक-कॉन या प्रदर्शनात विकली गेली. २०२०मध्ये मालिका दुकानांत आली ती आधी वॉलमार्टमध्ये, साधारण पंधरा डॉलरला एक. साडेपाच इंची फिगर, हातापायांना भरपूर सांधे, सोबत एक छोटं कॉमिक आणि १९८२ची आठवण करून देणारं कार्ड. पुढे भाव चढत गेला. साधी फिगर हळूहळू विशीकडे सरकली आणि मॅटेलच्या स्वतःच्या मॅटेल क्रिएशन्स या साइटवरच्या खास फिगर्स त्याहूनही वर गेल्या. तेव्हा नेहमीच्या पात्राला करासह बावीस-तेवीस डॉलरपर्यंत देणं मला रास्त वाटतं. त्यापुढचं जे काही असतं, ते तुमच्या घाईचं मोल असतं.

पंधरा-वीस डॉलर तरी प्लॅस्टिकच्या बाहुल्याला का, असं घरी कुणीतरी विचारणारच, म्हणून हेही सांगतो. १९८२ साली इथे ही-मॅन पाचेक डॉलरला मिळायचा. महागाई धरली तर ते आजचे सोळा-सतरा डॉलर होतात. तेव्हा भाव वाटतो तितका पळालेला नाही. उलट मला आश्चर्य याचं वाटतं की तो एवढ्यात कसा बसतो. ऐंशीच्या दशकात ही खेळणी लाखोंनी खपायची, त्यामुळे पोलादी साच्याचा खर्च एकेका नगावर किरकोळ पडायचा. आता घेणारे आपल्यासारखे चाळिशी-पन्नाशीचे लोक, त्यामुळे नग कमी निघतात आणि साच्याचा बोजा वाढतो. मॅटेलने जुनीच युक्ती पुन्हा वापरली आहे: एकच धड, तेच पाय, वर वेगळं डोकं आणि वेगळं चिलखत. मूळ मालिकेत बीस्ट मॅन आणि स्ट्रॅटोस या पात्रांचं केसाळ अंग एकाच साच्यातलं होतं. नव्या फिगर्सचे हात-पाय-मुंडी निघतात आणि एकमेकांना बसतात. माझ्या मुलीने एकदा स्केलेटरचं डोकं ही-मॅनला लावून दोन दिवस टीव्हीवर ठेवलं होतं.

मग २०२१ आलं आणि चीनहून येणाऱ्या कंटेनरचं भाडं कित्येक पटींनी वाढलं. २०२५च्या एप्रिलमध्ये चिनी मालावरचं अमेरिकेचं आयातशुल्क १४५ टक्क्यांपर्यंत गेलं, मे महिन्यात ते तात्पुरतं ३० टक्क्यांवर आणलं, आणि त्याच महिन्यात मॅटेलने अमेरिकेत भाव वाढवणार असल्याचं जाहीर केलं. इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांतली बहुसंख्य चीनमध्येच बनतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओत कुणी तेरा-चौदा डॉलर सांगत असेल, तर तो आकडा आता विसरा.

तुमच्या प्रश्नातला कळीचा भाग मात्र मिळण्या-न मिळण्याचा आहे आणि तिथेच नवखा माणूस फसतो. दुकानात फिगर्स टांगायचा हूक रिकामा दिसला की वाटतं, माल दुर्मीळ झाला. तसं नसतं. कारखान्यातून दुकानाला फिगर्स सुट्या येत नाहीत, सहा-आठ नगांचा खोका येतो. त्यात कुठलं पात्र किती हे आधीच ठरलेलं असतं: एखाद्याचे दोन-तीन, एखाद्याचा एकच. दुकानात दोन खोके उघडले तर त्या एकट्या पात्राचे सबंध दुकानात दोनच नग. ते पहिल्याच दिवशी उचलले जातात. ज्याचे सहा आले, त्यातले चार तिथेच लटकत राहतात. असे न खपणारे नग अडून बसले की हूक भरलेलाच दिसतो आणि दुकानाची यंत्रणा नवा खोका मागवत नाही. म्हणजे रिकामा हूक बघून हताश व्हायचं कारण नाही. तिथे पुढचा खोका येणार असतो. एकाच फिगरने गच्च भरलेला हूक दिसला तर त्या दुकानात महिनाभर पुन्हा जाऊ नका.

मागच्या वर्षीची एक सकाळ सांगतो. दुकान उघडून दहा मिनिटं झाली होती. हुकावर एकाच पात्राच्या पाच फिगर्स ओळीने, पाचही कार्डांचे कोपरे दुमडलेले, एकाच्या बबलला (फिगरवरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुग्याला) नखाएवढी चीर. मी पाचही पुढे सरकवल्या, तर मागे भिंतीला लागून मॅन-ॲट-आर्म्स या दुसऱ्या पात्राचा एक नग उभा होता. कार्ड कोरं, बबल कोरा. कुणीतरी नंतर येऊन घ्यायचा म्हणून दडवला असणार. मी तो घेतला. भावाला सांगा, पहिल्या फिगरवर थांबू नकोस, हुकाच्या शेवटापर्यंत बघ आणि वरच्या-खालच्या फळीवर इतर खेळण्यांच्या मागेही नजर टाक. खेळण्यांची खास मोठी दुकानं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. टॉइज आर अस या खेळण्यांच्या साखळीची सगळी अमेरिकन दुकानं २०१८च्या जूनअखेर बंद झाली, तेव्हापासून हा सगळा भार किराणा-कपडे विकणाऱ्या दुकानांच्या चार फूट जागेवर आलाय. ईस्ट रदरफर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये त्या नावाचं मोठं दुकान २०२१च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. मुलांना घेऊन जायला छान आहे.

टार्गेटमध्ये एक गोष्ट कामाची. किमतीच्या पट्टीवर तीन-दोन-चार अशा गटांतला नऊ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक दाखवला की तिथली माणसं यंत्रावर बघून सांगतात, मागे गोदामात नग आहे का, जवळच्या दुसऱ्या शाखेत आहे का. नुसतं "ही-मॅन आहे का?" विचारलं तर बिचाऱ्या विशीतल्या मुलाला काय कळणार!

आता तुमचा स्केलेटर. ही-मॅन आणि स्केलेटर ही या मालिकेची भाजी-भाकरी आहे. ही पात्रं पुन्हा पुन्हा निघतात, कधी नव्या कार्डावर, कधी थोड्या वेगळ्या रंगात. त्यामुळे साध्या स्केलेटरला तिप्पट भाव देणं हे पाऊस पडत असताना पाण्याचा टँकर मागवण्यासारखं आहे. ईबेवर विक्रेता काय मागतो ते बघूच नका. डावीकडच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) "विकलेल्या वस्तू" हा पर्याय निवडा, म्हणजे लोकांनी खरोखर किती मोजले ते दिसतं. साठ मागणारे दहा दिसतील, पण विकलेल्यांची यादी बघितली की डोकं ताळ्यावर येतं.

पण सगळंच थांबून मिळतं असं नाही, आणि इथे मी स्वतः हळहळलोय. जे एखाद्या प्रदर्शनापुरतं निघतं, किंवा कंपनीच्या साइटवर ठरावीक मुदतीत मागणी घेऊन तेवढंच बनवतात, ते दुकानाच्या हुकावर सहसा येत नाही. तिथे मुदत गेली की दुसऱ्याच्या हातून घेणं एवढाच मार्ग उरतो. अशा वस्तूला मूळ किमतीच्या दीडपट मी देतो, दुप्पट देत नाही. ही माझी मर्यादा, तुमची तुम्ही ठरवा.

आगाऊ मागणीची ही पद्धत नवी वाटते, पण या छंदात ती जुनीच आहे. १९७७च्या नाताळात केनर या खेळणी कंपनीकडे स्टार वॉर्स चित्रपटाच्या फिगर्स तयार नव्हत्या. तेव्हा त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवलं की १९७८मध्ये चार फिगर्स घरी. आज हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी तेच मोठ्या प्रमाणावर करते. २०१८मध्ये स्टार वॉर्समधल्या जब्बा या खलपात्राची पाचशे डॉलरची नौका त्यांनी पाच हजार लोकांनी पैसे भरले तरच बनवू म्हणून जाहीर केली, आणि ८,८१० जणांनी पैसे भरले. त्याच कंपनीने २०१९मध्ये जुन्या पावणेचार इंची आकाराच्या स्टार वॉर्सच्या रेट्रो फिगर्स आणल्या, कार्डावर मुद्दाम झिजल्यासारखी छपाई करून. केनरने कधीच न काढलेला टार्किन हा खलनायक मात्र सुटा दिला नाही, एका बोर्ड गेमच्या खोक्यात घातला. एका फिगरसाठी सबंध खेळ घ्यायचा. सुपर७ या कंपनीची रिॲक्शन मालिका मला यासाठीच जास्त प्रामाणिक वाटते. जे तेव्हा बनायचं राहून गेलं ते बनवतात आणि सुटं विकतात. तिचाही भाव आता विशीच्या आसपास असतो.

भारतात हे दुकानात का दिसत नाही, हेही तुमच्या मनात असणार. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. १ जानेवारी २०२१पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. हजारांनी खपणाऱ्या खेळण्यासाठी कंपनी ही खटपट करते. आपल्यासारख्या मूठभर लोकांना हव्या असलेल्या पात्रासाठी कोण करणार? म्हणून तुमचा मावसभाऊ हाच रास्त मार्ग आहे. त्याला चार-सहाच नग सांगा, बिलं जपायला सांगा, आणि एकाच पात्राचे पाच-पाच आणायला लावू नका. कस्टमवाल्यांना तो विक्रीचा माल वाटू शकतो.

एक मात्र अमेरिकेत शोधायची गरज नाही. ब्लो प्लास्ट आणि मॅटेलच्या भागीदारीतला लिओ मॅटेलचा ही-मॅन आपल्याकडेच बनायचा. फनस्कूल या भारतीय कंपनीचे जी. आय. जो (सैनिकांच्या फिगर्स) भारतातच बनले, आणि त्या कंपनीचा एक कारखाना गोव्यात कोर्लीमला आहे. हॅस्ब्रोचे साचे, पण रंग आपल्याकडचे, कधीकधी मूळ अमेरिकन फिगरपेक्षा पार वेगळे. अमेरिकेतले संग्राहक "फनस्कूल" हा शब्द आदराने उच्चारतात. एकाने माझ्याकडे त्याचं कोरं कार्ड फक्त बघायला मागितलं होतं. तेव्हा पुण्यात कुणाच्या माळ्यावर जुना डबा निघाला तर आधी तो उघडा. नव्या आणि जुन्यातला फरक सोपा आहे: जुन्या ही-मॅनला कोपर-गुडघे वळत नाहीत, कंबर पिळून सोडली की तो ठोसा मारतो, आणि पाय आतल्या रबराने धरलेले असतात. ओरिजिन्सला कोपर, गुडघे, घोटे सगळं वळतं. कुणी सुटी ओरिजिन्स "लहानपणीचा ही-मॅन" म्हणून विकत असेल तर हे तपासा.

माझ्या लिओच्या ही-मॅनचं ते रबर डोंबिवलीत, मी तिसरीत असताना तुटलं. बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक कडी कापून आत बसवली. तो आजही माझ्या टेबलावर उभा आहे, डावा पाय किंचित बाहेर फाकलेला. त्याला मी कुठल्याही किमतीला विकणार नाही, आणि तुम्ही ओरिजिन्स का शोधताय हे मला सांगायची गरज नाही.

भाऊ जानेवारीत निघतोय हे उत्तम. टार्गेटमध्ये नाताळानंतर उरलेल्या खेळण्यांवर मोठी सूट लागते. त्याला २६ डिसेंबरनंतर दोन-तीन फेऱ्या मारायला सांगा. घाईत साइटवरून घ्यायचंच असेल तर बिग बॅड टॉय स्टोअर या ऑनलाइन दुकानातून घेतलेले नग एकत्र साठवून शेवटी एकाच खोक्यात पाठवून घेता येतात, त्यामुळे टपालखर्च वाचतो. कार्डासह हवं असेल तर ते तिथे आधी कळवा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने कागदी पाकिटात घालून पाठवलेलं कार्ड मधोमध मोडून आलं होतं.

बॅगेत भरताना दोन कार्डं समोरासमोर, बबलशेजारी बबल, अशी एकमेकांत बसवायची, भोवती टी-शर्ट गुंडाळायचा आणि बॅगेच्या मधोमध ठेवायचं, कडेला नाही. माझी आतापर्यंत अकरा कार्डं अशीच मुंबईला पोचली, एकाचाही कोपरा मुडपला नाही.