मुलीला किशोर कादंबरीकार व्हायचंय, नोकरी सोडू द्यावी का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब. मुलगी 22 वर्षांची, बी.कॉम. झालेली, एका सी.ए.च्या ऑफिसात महिना 14 हजारांवर काम करणारी. तिनं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत कादंबरी लिहायला घेतली आणि दिवाळीनंतर राजीनामा देणार, असं घरात जाहीर करून टाकलं. सल्ला विचारायला आई-वडील तिला घेऊन आले. आईचा प्रश्न नेहमीचाच: "लिहायला आमची ना नाही हो, पण यावर हिचं पोट कसं भरणार?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

'आवड की पोट' या वादात शिरलं की तास निघून जातो आणि दोघी रुसून घरी जातात. त्यापेक्षा हिशेब मांडलेला बरा. मुलगी कॉमर्सची, म्हणून कागद तिच्याच हातात दिला. पुस्तकाची किंमत 200 रुपये धरली. रॉयल्टी, म्हणजे लेखकाचा वाटा, छापील किमतीवर 10 टक्के, म्हणजे प्रतीमागे 20 रुपये. हजाराची आवृत्ती पूर्ण खपली तर 20,000, आणि खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. दीड महिन्याचा पगारसुद्धा नाही! "म्हणजे आईचंच खरं," ती म्हणाली. अर्धंच खरं. किशोरांसाठी लिहिणारे बहुतेक लेखक नुसत्या पुस्तकांवर जगत नाहीत. कुणी शिकवतं, कुणी भाषांतरं करतं, कुणी बँकेत असतं. पुस्तकामुळे शाळांच्या कार्यशाळा मिळतात, दिवाळी अंकांकडून मागणी येते, पण तीही दोन-तीन पुस्तकं झाल्यावर. तेव्हा आता पगार सोडण्यात शहाणपण नाही.

मुलीनं उदाहरण काढलं अमेरिकेतल्या लेखिका एस. ई. हिंटन यांचं. शाळेत असतानाच कादंबरी लिहिली, 1967 मध्ये ती छापून आली तेव्हा वय अठरा. हे खरंच आहे. मात्र पुढचं कुणी सांगत नाही. एवढ्या यशानंतर त्यांचं लिहिणंच अडलं. दुसरी कादंबरी आली 1971 मध्ये, तीही रोज दोन पानं लिहायचीच, अशी अट मित्रानं (पुढे तोच नवरा झाला) घातली म्हणून. यातलं उचलायचं असेल तर अठराव्या वर्षाचं यश नव्हे, दोन पानं उचलावीत.

किशोर कादंबरीला साधारण 40,000 शब्द पुरतात. दिवसाला 500 शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे 16 आठवड्यांत पहिला खर्डा. सकाळी सहा ते साडेसात एवढा वेळ त्याला पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या लेखनाला मात्र याच्या दुप्पट वेळ जातो आणि नवे लेखक नेमका तिथेच कंटाळतात. खर्ड्यात सर्वांत जास्त सापडणारा दोष म्हणजे शेवटी आजोबा किंवा सर येऊन पेच सोडवतात. चौदा वर्षांच्या वाचकाचं पुस्तक तिथेच मिटतं. पेच मुलांनीच सोडवायचा, चुकत-माकत. नायिकेचं वय वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठं ठेवावं, धाकट्याची गोष्ट मोठी मुलं हातात घेत नाहीत. आणि आजच्या गोष्टीत मोबाइल हवाच. तो गायब करण्यासाठी दर वेळी बॅटरी संपवली की लेखकाची आळशी युक्ती लगेच कळते.

भाषेचं काय, हा बडोद्यात खास उपटणारा प्रश्न. इथली मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शिकतात गुजराती किंवा इंग्रजीतून. हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, पण दीडशे पानं मराठी वाचायचा सराव नसतो. म्हणून इथल्या वाचकांवर आवृत्ती खपणार नाही, गिऱ्हाईक पुण्या-नाशिककडचं धरावं. तरी संवादांतली गुजराती काढू नये. मंगळबाजारात भाव करणारी पात्रं शुद्ध पुणेरी बोलली तर तिकडच्या वाचकालाही ती खोटी वाटतील.

हे बोलणं चाललं असताना आईनं पिशवीतून एक कागद काढला, आणि खरी चिंता तिथे होती. एका प्रकाशकाचं पत्र: 55,000 रुपये भरा, 300 प्रती घ्या. पुन्हा हिशेब. एक प्रत पडली 183 रुपयांना. छापील किंमत तीच 200 आणि विक्रेत्याची सूट 35 टक्के धरली तर हाती येणार 130. सगळ्या प्रती विकल्या तरी 16,000 चा तोटा, वर माळ्यावर गठ्ठे. आईला वाटत होतं की 'आयएसबीएन मिळवून देऊ' म्हणजे मोठंच काम असेल. तो पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. पैसे भरून छापण्यात गुन्हा नाही, पण ती खरेदी आहे, निवड नव्हे. संपादन कोण करणार याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं.

त्याच पत्रात 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' अशी ओळ होती. त्यात भाषांतर, श्राव्य पुस्तक, चित्रपट सगळं जातं. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे लेखकाचे हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. हक्क देणं लेखी हवं, त्यात रॉयल्टी, मुदत आणि प्रदेश लिहिलेला हवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण 'कायमस्वरूपी' असं लिहून सही केली की ही सवलत गेली. करारनाम्यात छापील पुस्तकाचेच हक्क, ठरावीक वर्षांसाठी, एवढंच द्यावं. विक्रीचा वार्षिक हिशेब आणि पुस्तक अमुक महिने अनुपलब्ध राहिलं तर हक्क परत, ही दोन कलमं मागून घ्यावीत.

पुरस्कारांवर भिस्त ठेवू नये, पण माहिती असावी. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे, पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना. बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून. दोन्हींची रक्कम 50,000 रुपये. तरुण लेखकांसाठीच्या केंद्राच्या पीएम-युवा योजनेत तिशीच्या आतल्या निवडलेल्यांना सहा महिने दरमहा 50,000 मिळतात, मात्र विषय सरकार ठरवतं. तिच्या कादंबरीत तो विषय बसवायचा म्हणजे कादंबरी मोडावी लागेल.

शेवटी ठरलं ते असं. नोकरी चालू. सी.ए.च्या ऑफिसात ज्या महिन्यांत उसंत नसते, ते लेखनातून वगळायचे, त्यावरून अपराधी वाटून घ्यायचं नाही. दुसरा खर्डा झाला की तेरा ते पंधरा वयाच्या पाच-सहा मुलांना वाचायला द्यायचा. नात्यातल्यांना नको, ती कौतुकच करतात. "आवडलं का?" हे विचारू नये, "वाचता वाचता कुठे ठेवून दिलंस?" हे विचारावं. मग प्रकाशकाला दोन पानी सारांश आणि पहिली तीन प्रकरणं, युनिकोडमध्येच टाइप केलेली. जुन्या फाँटमधला मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि मुद्रितशोधनात आठवडे जातात. उत्तराला तीन ते सहा महिने लागू शकतात. तोवर दुसऱ्या पुस्तकाची टिपणं सुरू. वडिलांनी एकच विचारलं, सहाच्या आधी चहा कोण करणार. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.