रोमन काळातल्या ख्रिश्चनांना खरंच सिंहापुढे टाकायचे का, की सिनेमावाल्यांनी वाढवून सांगितलंय?

थोडं खरं, बाकी मसाला. मी स्वतः असे सिनेमे आवडीने बघतो, पण रोमन बादशहा नीरो कोलोसियममध्ये, म्हणजे रोमच्या त्या प्रचंड आखाड्यात बसलेला दाखवला की डोकंच फिरतं. अहो, नीरो मेला इ.स. 68 ला आणि कोलोसियम सुरू झालं 80 ला! हां, 64 साली रोम जळालं, लोक नीरोवरच संशय घ्यायला लागले आणि त्याने खापर ख्रिश्चनांच्या डोक्यावर फोडलं, काहींना कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना रात्री दिव्यासारखं जाळलं, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि त्याला ख्रिश्चन अजिबात आवडायचे नाहीत म्हणून तर ते जास्त खरं वाटतं. पण ते रोम शहरापुरतंच.

जनावरं सोडायचे हे मात्र खरं. 203 साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये पर्पेच्युआ नावाच्या 22 वर्षांच्या, अंगावर पाजणाऱ्या ख्रिश्चन आईवर जे सोडलं तो सिंह नव्हता, उधळलेली गाय होती. गाईने उडवल्यावर ती उठून बसली आणि काय केलं, तर फाटलेले कपडे सावरले आणि सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस म्हणजे सुतक.

पण माझ्या मते खरा ड्रामा कचेरीतला आहे आणि तो कुणी दाखवतच नाही. 250 साली डेशियस बादशहाने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. हो, चक्क दाखला! इजिप्तमध्ये पपायरसवरचे, म्हणजे तिथल्या लव्हाळ्याच्या कागदावरचे असे चाळीसेक तरी सापडलेत. एकात अर्जदार 72 वर्षांचा म्हातारा, ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय, मग मी कायम देवांना बळी देत आलोय, आत्ता तुमच्यासमोर पण दिला आणि मांस चाखलं, तरी खाली सही करावी. अगदी आपल्या तहसीलच्या अर्जासारखं. तो म्हातारा ख्रिश्चन असेलच असं नाही बरं का, दाखला सगळ्यांनाच लागायचा, एक तर मगरदेवाच्या पुजारणीचा पण आहे.

आता विचार करा, कित्येक ख्रिश्चनांनी गुपचूप बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसताच कागद मिळवला आणि काही तुरुंगात सडले. 251 ला डेशियस लढाईत मेला, छळ थांबला आणि हे सगळे परत एकाच चर्चमध्ये! कागदवाल्यांना आत घ्यायचं की नाही यावर जाम भांडणं झाली. निस्तरायची कुणी, तर कार्थेजचा बिशप सायप्रियन, जो छळाच्या काळात स्वतःच लपून बसला होता, त्यामुळे लोक ऐकवायचेच. पुढे 258 ला त्याची पाळी आली तेव्हा त्याने जल्लादाला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगितली.