डिस्चार्जला अख्खा दिवस जातो, प्रोसेस मॅपिंगने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टर सकाळच्या राउंडला "आज घरी" म्हणतात आणि पेशंट निघतो संध्याकाळी, आता मॅनेजमेंटने प्रोसेस मॅपिंग करा (म्हणजे काम कोणाकडून कोणाकडे जातं त्याचा टप्प्याटप्प्याने नकाशा काढा) म्हणून सांगितलंय, तर हे नुसतं कागद रंगवणं आहे का. मी आधी वॉर्डात सिस्टर होते, नंतर क्वालिटीत आले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. उपयोग होतो. फक्त मीटिंग रूममध्ये बसून काढलेल्या मॅपचा होत नाही.

आमचा पहिला मॅप तसाच होता. चार एचओडी (विभागप्रमुख), एक व्हाइटबोर्ड, समोर एसओपीची, म्हणजे काम कसं करायचं त्या लेखी नियमांची फाइल. सगळे चौकोन एका रेषेत, कुठे काही अडायचं कारणच नाही इतका देखणा. एका सिनियर सिस्टरना दाखवला तर त्या म्हणाल्या, "छान आहे, कुठल्या हॉस्पिटलचा?"

मग मी एक साधी गोष्ट केली, एका पेशंटची फाइल धरली आणि दिवसभर तिच्या मागे फिरले. पेशंटच्या नाही हं, फाइलच्या, कारण पेशंट तर कपडे घालून बेडवर बसूनच होता. तर फाइल आधी स्टेशनवर पडून, कारण आरएमओ (निवासी डॉक्टर) पूर्ण राउंड संपल्यावरच डिस्चार्ज समऱ्या, म्हणजे उपचारांचा गोषवारा, लिहायला बसणार, मग एका रिपोर्टसाठी थांबली जो आलेला होता पण कोणी उघडून बघितला नव्हता, मग उरलेली औषधं फार्मसीला परत जाईपर्यंत बिल बनेना, आणि औषधं न्यायला वॉर्ड बॉय नाही कारण तो ट्रॉली घेऊन एक्सरेला गेलेला. प्रत्येकाचं स्वतःचं काम पाच-दहा मिनिटांचं, बाकी सगळा वेळ फाइल कुठेतरी नुसती पडून. म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन वेळा लिहा, काम किती वेळ चाललं आणि त्याआधी किती वेळ वाट बघितली. दुसरा आकडा बघून सगळे गप्प होतात.

समऱ्यांचंच घ्या. समजा आठ डिस्चार्ज आहेत आणि एका समरीला १५ मिनिटं लागतात. अकराला सुरू करून सगळ्या संपल्यावर गठ्ठा एकदम बिलिंगला पाठवला तर एक वाजतो, आणि तिथे पुन्हा आठ जणांची रांग. तेच एकेक झाली की पाठवली तर पहिली सव्वाअकराला पोचते. माणसं तीच, कामही तेवढंच. आम्ही कच्ची समरी आणि औषधं परत करणं आदल्या संध्याकाळी घ्यायला लागलो, जिथे डिस्चार्जचा अंदाज असतो तिथे, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

यात कॅज्युअल्टीचाही (तातडीच्या विभागाचाही) संबंध आहे, तो बहुतेक लोक विसरतात. लिटल्स लॉ म्हणून एक साधा गुणाकार आहे, तासाला सरासरी १२ पेशंट येतात आणि प्रत्येक जण सरासरी २ तास थांबतो तर आत कायम २४ जण असणार. वरचा बेड रिकामा होत नाही म्हणून थांबणं ३ तासांवर गेलं की ३६, एकही जास्तीचा पेशंट न येता! मग म्हणायचं आज गर्दी फार आहे.

मॅप कसा काढायचा तर आडवे पट्टे करा, डॉक्टर, सिस्टर, लॅब, फार्मसी, बिलिंग, हाउसकीपिंग, प्रत्येकाला एक पट्टा, आणि स्टिकी नोट्स चिकटवत जा. सॉफ्टवेअर नको, त्यात चूक खोडायचा लोकांना कंटाळा येतो. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो तिथे नीट बघा, गडबड बहुतेक तिथेच असते. वॉर्ड बॉय आणि मावशींना बोलवाच, आणि नाइट शिफ्टचा वेगळा काढा, रात्रीचं हॉस्पिटल हे वेगळंच हॉस्पिटल असतं. आणि कोणाची चूक शोधायला बसलोय असं एकदा वाटलं ना, की लोक एसओपीच म्हणून दाखवतात, मग संपलं.

(तसं हे नवीन नाही. असे प्रोसेस चार्ट फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने १९२१ मध्ये इंजिनिअर लोकांपुढे मांडले. फ्रँकची सुरुवात गवंडीकामापासून, आणि त्याने ऑपरेशनचंही फिल्म काढून निरीक्षण केलं होतं.)

एक सावधगिरी मात्र घ्या. मॅप समोर आला की दोनदा होणारं सगळं काढून टाकायचा उत्साह येतो. आमच्याकडे ॲलर्जी तीन ठिकाणी लिहिली जायची आणि फार्मसी बघते तिथे नेमकी नाही, ते बदलायलाच हवं होतं. पण रक्त लावताना दोघांनी नाव आणि नंबर ताडून बघणं हे मुद्दाम ठेवलेलं असतं, "डुप्लिकेट" म्हणून आमच्याकडे एकाने त्यावर पण फुली मारली होती! कुठलीही पायरी काढण्याआधी ती का आली हे जुन्या माणसाला विचारा.

आणि सुरुवातीला एकच वॉर्ड, दोन आठवडे. "घरी" म्हटल्यापासून बेड खरा रिकामा होईपर्यंतचा वेळ रोज लिहा, आणि त्यासोबत हेही लिहा की निघताना पेशंटला कुठली गोळी कधी घ्यायची हे सांगता आलं का. आम्ही पहिल्या वेळी हे दुसरं लिहिलंच नाही, डिस्चार्ज पटापट झाले आणि वॉर्डाचा फोन दिवसभर वाजायला लागला.