थ्रीडीसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं’ एवढंच विचारलंय. त्याला सरसकट उत्तर नाही. तुमचं काम शेवटी साच्यात जाणार, मशिनवर जाणार की पडद्यावर, हे कळलं की निवड बरीचशी आपोआप होते. ज्यांनी हे नीट लिहिलं, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमचं गणपतीच्या मूर्तींचं काम आहे. नऊ इंची मूळ मूर्ती कॉम्प्युटरवर घडवून तिचा थ्रीडी प्रिंट काढायचा, त्यावरून रबरी साचा करायचा आणि शाडूच्या मूर्ती काढायच्या, असा विचार आहे. झेडब्रश घ्यावं की ब्लेंडर? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे.
– एक मूर्तिकार, मिरज

उत्तर : नुसत्या शिल्पकामाचं बघाल तर झेडब्रश सरस आहे, त्यात वाद नको. भारी ग्राफिक्स कार्ड नसलं तरी ते मोठमोठे मेश (बारीक सपाट तुकड्यांची जाळी; एकेक तुकडा म्हणजे फेस) ओढतं. पण २०२२ पासून ते मॅक्सॉन कंपनीकडे आहे आणि त्याचं भाडं चालू ठेवावं लागतं. वर्षाकाठी दोन-तीन नव्या मूळ मूर्ती करणाऱ्याला ते अंगावर येतं. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यावर केलेली मूर्ती विकायला कसलीही आडकाठी नाही. तुम्ही ब्लेंडरच घ्या.

घडवायला बसण्याआधी सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट स्केल ०.००१ आणि लेंग्थ मिलिमीटर करा. ब्लेंडरचं एक युनिट म्हणजे मूळ सेटिंगला एक मीटर, आणि प्रिंटसाठी काढलेल्या एसटीएल फाइलमधला तोच आकडा स्लायसर (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) मिलिमीटर म्हणून वाचतो. सेटिंग न बदलता नऊ इंचाची मूर्ती पाठवलीत तर स्लायसरमध्ये पाव मिलिमीटरचा ठिपका दिसतो, आणि फाइल बिघडली असं वाटतं. सेटिंग बदलल्यावर मूर्ती लांबून कापल्यासारखी दिसली तर एन दाबून व्ह्यू टॅबमधला ‘एंड’ आकडा वाढवा.

उंचीही नऊ इंच धरू नका. शाडू वाळताना आटतो. तुमच्याच मातीची १०० मिमीची पट्टी थापून सावलीत वाळवा आणि मोजा. समजा ९४ मिमी भरली, तर २२८.६ ला ०.९४ नं भागायचं. म्हणजे मूळ मूर्ती २४३ मिमीची हवी.

पोट, डोकं, सोंड, हात हे वेगवेगळे गोळे मांडा, कंट्रोल-जेनं एक करा आणि स्कल्प्ट मोडमध्ये व्हॉक्सेल रिमेश मारा, म्हणजे सगळ्यावर एकसारखी नवी जाळी बसते. सुरुवातीला व्हॉक्सेल, म्हणजे त्या जाळीचं माप, ४ मिमी ठेवा, बैठक आणि तोल जमला की २, मग १. आकडा निम्मा केला की फेस चौपट होतात. या मापाच्या मूर्तीला १ मिमीवर साधारण लाख-सव्वा लाख फेस होतील, अर्ध्या मिमीवर पाच लाखांच्या आसपास आणि पाव मिमीवर वीस लाख. तुमचा लॅपटॉप तिथं धापा टाकणार. कानाची पाळ किंवा बोटं व्हॉक्सेलपेक्षा पातळ असतील तर रिमेशमध्ये त्यांना भोकं पडतात. म्हणून मुकुट, हार, बाजूबंद वेगळे ऑब्जेक्ट ठेवा आणि शेवटी अर्धा मिमी अंगात रुतवून बसवा.

पेन टॅबलेट हवाच. माउसनं गालाचा उतार येत नाही. पेन दाबूनही रेघ जाड-बारीक होत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली टॅबलेट एपीआय विंडोज इंकवरून विनटॅबवर न्या आणि ब्लेंडर बंद करून पुन्हा सुरू करा. ब्रश एकाच दिशेनं ताणल्यासारखा चालत असेल तर ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करायचं राहिलंय.

आता साचा. रबर वाकतं, त्यामुळं मूर्तीचा एखादा भाग साच्यात थोडा अडकला तरी चालून जातं. पण सोंड आणि पोट यांच्यामध्ये तीन-चार मिमीची आरपार फट ठेवलीत, तर तिथं रबराची पातळ जीभ तयार होते आणि तीच आधी फाटते. ती फट कॉम्प्युटरवरच मागून भरून टाका. रेझिन प्रिंट पोकळ काढणार असाल तर भिंत २ ते ३ मिमी ठेवा आणि तळाला निदान दोन भोकं पाडा, नाहीतर कच्चं रेझिन आत अडकतं. लहान प्रिंटरवर एवढी उंची बसत नाही, तेव्हा मुकुटाच्या किंवा कमरेच्या रेषेवर कापा. जोडाच्या खुंटीला सगळीकडून ०.२ मिमी मोकळीक द्या.

आणखी एक. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन रेझिन प्रिंटवर ओतलं की पुष्कळदा चिकटच राहतं, कारण प्रिंटवर उरलेलं कच्चं रेझिन सिलिकॉनला सेट होऊ देत नाही. प्रिंट नीट धुवा, यूव्हीत पूर्ण पिकवा, वर लॅकरचा हात द्या आणि आधी तळाच्या कोपऱ्यात थेंबभर सिलिकॉन लावून बघा.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. तिला अ‍ॅनिमेशन करायचंय. क्लासवाले म्हणतात, मायाशिवाय नोकरी नाही. खरं का?
– एक पालक, कराड

उत्तर : अर्धं खरं आहे. मोठ्या स्टुडिओंची कामाची सगळी साखळी माया या ऑटोडेस्क कंपनीच्या थ्रीडी सॉफ्टवेअरभोवती बांधलेली असते, म्हणून ते मायाच विचारतात. पण वजन, टायमिंग, पोज हे सॉफ्टवेअरबरोबर येत नाही. पहिलं वर्ष ब्लेंडरवर जाऊ द्या. मग मायासाठी पैसे मोजू नका. ऑटोडेस्क पात्र विद्यार्थ्यांना ते एकेक वर्षासाठी मोफत देतं. मात्र त्यावर धंद्याचं काम करायला परवानगी नाही.

क्लास निवडताना तिथल्या मुलांनी केलेली चाल बघायला मागा. २४ फ्रेमच्या चालीत एक पाय १ ला टेकतो, दुसरा १३ ला, आणि २५ वी फ्रेम म्हणजे पुन्हा पहिलीच. लूप करताना २५ वी पण घेतली की दर फेरीला एक बारीक अडखळ दिसते. ती अडखळ क्लासच्या नमुन्यातच असेल, तर फी भरायची घाई नको.

प्रश्न : फाउंड्रीसाठी पंपाच्या बॉडीचे पॅटर्न ब्लेंडरमध्ये करता येतील का?
– कुपवाड एमआयडीसी

उत्तर : करू नका. ब्लेंडर गोल भोकसुद्धा सरळ तुकड्यांनी बनवतं, आणि सीएनसीवाला मागतो ती स्टेप फाइल (अचूक वक्र आणि मापं सांगणारी) त्यातून थेट निघत नाही. फ्रीकॅड हे अचूक मापांवर चालणारं सॉफ्टवेअर वापरा. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या तसल्याच सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घरगुती वापरापुरती आहे, कारखान्याला चालत नाही. ओतलेला धातू थंड होताना आटतो, त्यासाठी ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, अ‍ॅल्युमिनियमला १.३ टक्के धरा. मशिनिंगमध्ये कातून काढायचा जादा माल त्याशिवाय.

प्रश्न : शाळेसाठी कासच्या फुलांवर तीन मिनिटांची फिल्म करतोय. ब्लेंडरमध्ये रेंडरला लावलं की मध्येच वीज जाते आणि एमपी४ फाइल उघडतच नाही.
– एक शिक्षक, सातारा

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून हे सुटणार नाही. थेट एमपी४ काढू नका, दर फ्रेमला एक अशी पीएनजी चित्रांची मालिका काढा. आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढा, म्हणजे वीज आल्यावर राहिलेल्या फ्रेमपासून काम पुढं चालू होतं. ‘प्लेसहोल्डर्स’ चालू असेल तर शून्य केबीची एक फाइल मागं राहते. ती पुसा, नाहीतर तेवढी फ्रेम गाळली जाईल. सगळ्या निघाल्या की व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये जोडा.

हिशेबही मांडून बघा. २५ फ्रेमच्या वेगानं तीन मिनिटं म्हणजे ४,५०० फ्रेम. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनला फ्रेममागं दोन मिनिटं लागली तर १५० तास झाले. ईव्ही या त्याच्या दुसऱ्या, वेगवान इंजिनला पाच सेकंद लागले तर सव्वासहा तास. शाळेच्या फिल्मला ईव्ही पुरे. सोनकी आणि तेरडा पसरताना शिफ्ट-डीनं नकला काढू नका, ऑल्ट-डीनं काढा. मग हजार फुलं एकाच मेशवर चालतात आणि रॅम वाचते.

प्रश्न : शिल्प केलेल्या पात्राला हाडं जोडताना ‘बोन हीट वेटिंग फेल्ड’ असं येतं. माया घेऊ का?
– तासगाव

उत्तर : माया घेऊन काय होणार? मेश तोच राहील. लाखो फेसचं शिल्प तसंच रिगला (हाडांच्या सांगाड्याला) लावायचं नसतं. त्यावर आठ-दहा हजार चौकोनी फेसचं नवं कातडं बसवा. डोळे आणि तोंडाभोवती कड्या गोल फिरल्या पाहिजेत, म्हणजे तोंड उघडताना गाल चुरगळत नाही. बारीक तपशील नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) बेक करा, म्हणजे उतरवून घ्या. तरीही तोच संदेश आला तर एकमेकांवर आलेले बिंदू एक करणारं मर्ज बाय डिस्टन्स चालवा, स्केल अप्लाय करा, डोळे-दात-बटणं सुटी करा आणि पुन्हा जोडा. पात्र फारच लहान मापाचं असेल तर हाडांसकट दहापट करून जोडा, आणि वेट (कुठलं हाड कातडं किती ओढतं ते आकडे) बसले की परत लहान करा.