नोकरी सोडण्याआधी शनिवार-रविवार मोकळे करून घ्या

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचा वर्षभराचा हिशेब मी काळजीपूर्वक वाचला. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमचे वय 32 आहे, तुम्ही पुण्यात एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीच्या हेल्पडेस्कवर सव्वाचार वर्षे काम करत आहात, आणि शनिवार-रविवारी सहा जणांच्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवता. दिवसभर पासवर्ड रिसेट करणे, बंद पडलेले प्रिंटर आणि व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणी) यांच्या तक्रारींची तिकिटे निकाली काढणे आणि ग्राहकाने दिलेल्या गुणांवरून बोलणी खाणे याला तुम्ही विटला आहात. महिन्यातले दोन शनिवार-रविवार ऑन-कॉल, म्हणजे फोन येताच कामाला हजर राहण्याच्या तयारीत, असल्यामुळे गेल्या वर्षी सात कार्यक्रम सोडावे लागले. मार्चअखेर राजीनामा द्यायचा, त्यापूर्वी पगाराची स्लिप हातात असतानाच स्वतःच्या नावावर 4 लाखांचे वैयक्तिक कर्ज काढून बँडसाठी साउंड सिस्टीम घ्यायची आणि पूर्ण वेळ संगीतावर जगायचे, असा तुमचा बेत आहे. घरी पत्नी, तीन वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेली आई आहे. पत्नीला शाळेतून महिना 24,000 रुपये मिळतात.

माझे मत आधीच सांगतो. ही नोकरी तुम्ही सोडावी असे मलाही वाटते. मात्र ती दुसऱ्या नोकरीसाठी सोडावी, आणि कर्ज काढू नये. तुमच्या पत्रात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत. या कामाचा उबग आला आहे हा एक प्रश्न, आणि संगीतावर घर चालेल का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यातून मिळत नाही.

तुम्ही लिहिता की बँडमधून तुम्हाला महिना 20,000 रुपये मिळतात. वर्षभरात 44 कार्यक्रम, तुमचा वाटा सरासरी 5,500 रुपये, म्हणजे 2,42,000 रुपये. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे. पण तुमच्याच वहीप्रमाणे त्यातले 23,000 रुपये आयोजकांकडून अजून यायचे आहेत, आणि कार्यक्रम होऊन सहा महिने उलटलेली रक्कम मी उत्पन्नात धरत नाही. प्रवास आणि पेट्रोलचे 31,000, तालमीच्या जागेच्या भाड्यातला वाटा 14,400, दुरुस्ती, केबल आणि इतर किरकोळ सामान 18,000 असे 63,400 रुपये खर्च झाले. सव्वा लाखाच्या आसपास किमतीचा की-बोर्ड सहा वर्षांनी बदलावा लागेल असे धरून दरवर्षी 20,000 रुपये बाजूला काढायला हवेत. उरतात 1,35,600 रुपये, म्हणजे महिना 11,300.

याच आकड्यांनी एक गोष्ट तुमच्या बाजूने दाखवली, ती मुद्दाम नोंदवतो. सामान लादण्यापासून रात्री घरी पोहोचेपर्यंत एका कार्यक्रमाचे नऊ तास धरले आणि आठवड्याच्या तालमीचे तीन तास मिळवले, तर वर्षाला सुमारे 540 तास होतात आणि संगीताचा तुमचा दर तासाला 250 रुपयांच्या आसपास पडतो. नोकरीत हाती येणारे 48,700 रुपये आणि कंपनीने भरलेला भविष्य निर्वाह निधी एकत्र करून, ऑन-कॉलचे तासही मोजले, तर दर 265 रुपयांच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या वादनाला बाजारात मिळणारी किंमत तुमच्या नोकरीपेक्षा फारशी कमी नाही. नातेवाईक त्याला छंद म्हणत असतील, तर तो शब्द चुकीचा आहे, असे त्यांना खुशाल सांगा.

अडचण दराची नसून तासांची आहे. नोकरी तुम्हाला वर्षाचे 2,100 तास न मागता देते. बँडचे तास लग्नाच्या तिथींनी, सणांनी आणि सुट्ट्यांनी बांधलेले आहेत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाहाचे मुहूर्त जवळपास नसतात. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी पहाट त्या काळाला हात देतात, पण मध्ये पितृपक्ष येतो, आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास अनेक कुटुंबे लग्नाला वर्ज्य मानतात. यंदा तर 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे उन्हाळी लग्नसराईचा ऐन महिना बऱ्याच घरांत मोकळा जाईल, आणि तुम्ही नेमका त्याच्या तोंडावर राजीनामा देणार आहात. त्यात उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद करावे लागतात. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती असते. त्यामुळे एका संध्याकाळी दोन कार्यक्रम घेऊन भरपाई करण्याची वाटही फारशी उरत नाही.

नोकरीची खरी जागा भरायची तर किती कार्यक्रम लागतील, हे मी काढून पाहिले. हाती येणारे 48,700, तुमचा आणि कंपनीचा मिळून भविष्य निर्वाह निधीचा 6,240, आणि कुटुंबाच्या व आईच्या आरोग्य विम्याचा माझ्या अंदाजाने महिना 4,500 रुपये हप्ता मिळून वर्षाला साधारण 7,13,000 रुपये होतात. सध्या एका कार्यक्रमामागे तुमच्याकडे निव्वळ 3,080 रुपये उरतात, म्हणजे वर्षाला 231 कार्यक्रम हवेत. बँडचे नाव झाले आणि निव्वळ 6,000 रुपये उरू लागले, तरी 119 कार्यक्रम करावे लागतील. गेल्या वर्षभरात 44 झाले आहेत.

पूर्ण वेळ वाद्यावर जगणारे माझ्या परिचयातले बहुतेक वादक शनिवार-रविवारवर जगत नाहीत, त्यांचे घर सोमवार ते शुक्रवारच्या कामावर चालते. शिकवण्या, स्टुडिओतले ध्वनिमुद्रण, नाटकांचे दौरे, शाळेच्या स्नेहसंमेलनांची तयारी हा त्यांचा आधार असतो आणि कार्यक्रमाची नाइट ही त्यावरची वाढ असते. तुमच्या हिशेबात आठवड्याच्या कामातून आलेला एकही रुपया नाही. म्हणून पूर्ण वेळ संगीताचा विचार खरोखर करायचा असेल, तर सुरुवात राजीनाम्याने न करता दोन संध्याकाळच्या शिकवणीने करावी. दहा विद्यार्थी महिना 1,500 रुपये देणारे मिळाले, तर ते 15,000 रुपये बँडच्या निव्वळ उत्पन्नापेक्षा जास्त भरतील आणि पावसाळ्यातही थांबणार नाहीत.

आता कर्जाविषयी. 4 लाख रुपये 14 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 10,930 रुपये येतो. तुमचे निव्वळ संगीत-उत्पन्न 11,300 आहे. म्हणजे चार वर्षे तुम्ही जवळजवळ फक्त बँकेसाठी वाजवाल आणि व्याजापोटी सव्वा लाखाच्या आसपास रक्कम देऊन बसाल. सिस्टीम सहा जण वापरणार, कर्ज मात्र एकट्याच्या नावावर राहणार, आणि तुमच्यात एका ओळीचाही लेखी करार नाही. उद्या गायिका दुसऱ्या वाद्यवृंदात गेली किंवा ड्रमर परगावी गेला, तरी हप्ता तुमच्याच खात्यातून जाईल. सध्या साउंडवाल्याला एका कार्यक्रमाचे साधारण 7,000 रुपये द्यावे लागतात हे खरे, पण त्यात टेम्पो, हमाल, ऑपरेटर आणि बिघाडाची जोखीम त्याची असते. राजीनामा ठरलेला असताना तो लपवून पगाराच्या स्लिपवर कर्ज घेणे हे बँकेशी सरळ वागणेही नाही, आणि हे मी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य समजतो.

करांच्या बाबतीत तुम्ही विनाकारण घाबरला आहात. बँडचे पैसे तुम्ही विवरणपत्रात दाखवत नाही, असे लिहिता. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, आणि पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. तुमचा पगार आणि बँडचे निव्वळ उत्पन्न मिळून करपात्र रक्कम 7 लाखांच्या आसपास जाते, म्हणजे कर शून्य. उलट न दाखवल्याने तोटा होतो: कॉर्पोरेट कार्यक्रमांच्या आयोजकांनी पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या नावावर दिसत राहतो आणि परत मिळत नाही, आणि पुढे स्वतंत्र कलाकार म्हणून गृहकर्ज मागाल तेव्हा दोन-तीन वर्षांची विवरणपत्रेच विचारली जातात. मात्र पगाराबरोबर व्यवसायाचे उत्पन्न असेल तर आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा अर्ज चालत नाही. कोणता अर्ज भरायचा हे सनदी लेखापालाकडून ठरवून घ्या.

एक बाब मात्र खरोखर चिंतेची आहे आणि तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. सगळ्या सुपाऱ्यांचे पैसे तुमच्या यूपीआयवर येतात आणि तुम्ही ते वाटता. एका कार्यक्रमाचे सरासरी 40,000 धरले तर 44 कार्यक्रमांचे 17,60,000 रुपये होतात. बिल तुमच्या नावाने असेल तर ही सगळी उलाढाल तुमची मानली जाण्याचा धोका आहे, आणि सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे. वर्षाला सात कार्यक्रम वाढले तरी ती ओलांडली जाईल. लोककला आणि शास्त्रीय कलांच्या सादरीकरणाला दीड लाखांपर्यंतच्या मानधनावर असलेली सूट चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला लागू होत नाही. सहा जणांचा भागीदारी करार आणि बँडच्या नावाने चालू खाते, या दोन गोष्टींना आता उशीर करू नका.

नोकरीकडे परत येतो, कारण माझ्या मते खरा उपाय तिथे आहे. ऑन-कॉलमुळे सोडलेल्या सात कार्यक्रमांचा तुमचा वाटा 38,500 रुपये होता. प्रवास आणि जेवणखाण वजा केले तर 31,500 रुपये, म्हणजे महिना 2,600 रुपये. याचा सरळ अर्थ असा की शनिवार-रविवार पूर्ण मोकळे देणारी नोकरी महिना अडीच हजारांनी कमी पगाराची असली तरी तुमचे नुकसान होत नाही. हेल्पडेस्कच्या पहिल्या पातळीवर चार वर्षे काढलेल्या माणसाने महाविद्यालय, रुग्णालय, सहकारी बँक किंवा एखादा कारखाना यांच्या स्वतःच्या संगणक विभागात प्रयत्न करावा. तिथे वापरणारी माणसे ओळखीची असतात आणि प्रत्येक तिकिटामागे घड्याळ लावलेले नसते. रुग्णालयात आणि कारखान्यात मात्र पाळ्या असू शकतात, तेव्हा सुट्टीची अट मुलाखतीतच बोलून नियुक्तिपत्रात लिहून घ्या. बाहेरच्या कामाबद्दलची अटही तेव्हाच वाचा. 2022 मध्ये आयटी कंपन्यांत दुसऱ्या कामावरून मोठा वाद झाला, तेव्हापासून अनेक करारांत ही अट कडक झाली आहे. कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या संगीताला लेखी परवानगी मिळणे सहसा कठीण नसते, पण ती मागितलेली असली पाहिजे.

तारखेचाही विचार करा. डिसेंबर 2026 मध्ये तुमची पाच वर्षे पूर्ण होतात. 26,000 मूळ पगारावर तेव्हा 75,000 रुपये ग्रॅच्युइटी मिळेल. मार्चमध्ये निघालात तर ती मिळणार नाही. दहा महिने सोसणे प्रकृतीला किंवा घरातल्या शांततेला झेपत नसेल, तर ते 75,000 सोडून द्यावेत. तेवढ्यासाठी माणसाने स्वतःला झिजवू नये. पण झेपणार असेल तर चांगली नोकरी शोधायला हा काळ पुरेसा आहे. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. सलग पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम करपात्र होते. आधीच्या कंपनीचे खाते वर्ग केले असेल तर ती वर्षे मोजली जातात, म्हणून ते आधी तपासा.

सर्वांत तातडीचे काम आईचा आरोग्य विमा हे आहे. आज तिला कंपनीच्या गट विम्याचे संरक्षण आहे आणि ते नोकरीबरोबर संपेल. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून ती पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करा, म्हणजे प्रतीक्षाकाळ गट विम्याच्या सावलीत सरू लागेल. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्यायही आहे. त्याचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी द्या. स्वतःसाठी अपघात विमाही घ्या, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ आहे ना ते पाहा, कारण मनगट मोडले तर तुमची दोन्ही उत्पन्ने एकदम थांबतील.

तुमच्या घराचा महिन्याचा खर्च 48,200 आहे आणि ठेवीत 1,80,000 रुपये आहेत, म्हणजे चार महिनेही पुरे होत नाहीत. कलाकाराच्या उत्पन्नावर उभ्या असलेल्या घराला मी नऊ महिन्यांचा, म्हणजे 4,34,000 रुपयांच्या आसपासचा राखीव निधी सांगतो. 2020 मध्ये टाळेबंदीत मंचावरचे सगळे कार्यक्रम अनेक महिने बंद राहिले, त्या वेळी कोण तगले आणि कोणाला वाद्ये विकावी लागली, हे तुमच्या सहकाऱ्यांना ठाऊक असेल. बँडचे महिना 11,300 रुपये आजपासून पूर्णपणे या निधीत टाका. डिसेंबरपर्यंत तो 2,90,000 च्या पुढे जाईल, आणि ग्रॅच्युइटी धरून 3,65,000 होईल. तेव्हा हा प्रश्न पुन्हा घेऊन या. सोबत शिकवणीचे आकडे, एका अख्ख्या पावसाळ्याची वही आणि पत्नीचे मत असू द्या. पत्रात त्यांचा पगार आहे, पण त्यांना काय वाटते हे कुठेच आलेले नाही.

कर्जाचा अर्ज दिला असेल तर रक्कम खात्यात येण्याआधी मागे घ्या, आणि थकलेल्या 23,000 रुपयांसाठी आयोजकांना या आठवड्यातच लेखी स्मरणपत्र पाठवा. पुढच्या प्रत्येक सुपारीला निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका.