दुकानातली जुनी दुनळी आणि मुलीची एफडी

प्रश्न : धायरीत राहतो, वय 47. मुळशीत तीन एकर भातशेती आहे, पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना नुकताच मंजूर झाला. शहरातल्या एका दुकानात जुनी विलायती बारा बोअरची दुनळी 2 लाख 40 हजारांना सांगतायत. ‘आयात बंद आहे, किंमत वाढतच जाणार,’ असं दुकानदार म्हणतो. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून घेऊ का? दोन वर्षांनी पैसे लागले तर बंदूक विकता येईल.

उत्तर : एफडी मोडू नका. बंदूक घ्यायची की नाही हा वेगळा मुद्दा, पण त्या पैशातून नाही.

दुकानदाराचं अर्धं बोलणं खरं आहे. 1980 च्या दशकात परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात बंद झाली आणि जुन्या विलायती मालाचे भाव चढले. उरलेलं अर्धं तो सांगणार नाही. 2019 मध्ये कायदा बदलला आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. तिसरं ज्यांच्याकडे होतं, त्यांना ते निकाली काढावं लागलं. म्हणजे विकणारे वाढले, घेणारे मात्र परवाना असलेले तेवढेच. शिवाय तुम्ही स्वतः दुसऱ्या परवानाधारकाला विकायला निघालात तर आधी पोलिसांना किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. कॉलेजची फी 45 दिवस थांबत नाही.

आता एक प्रयोग करा. दुकानात जाऊन सरळ विचारा, ‘आज नेली आणि महिन्याने परत आणली, तर किती द्याल?’ समजा, दीड लाख म्हणाला. म्हणजे 90 हजार पहिल्याच दिवशी गेले. दीडाचे पुन्हा 2 लाख 40 हजार व्हायला, भाव दरसाल 7 टक्क्यांनी चढला तरी सात वर्षं जातील. एफडी तेवढ्या काळात मुकाट्याने व्याज देत राहिली असती.

आणि हे सगळं बंदूक ठणठणीत असेल तर. मी बंदूकवाला नाही, पण मामा गेल्यावर त्यांची दुनळी विकायची जबाबदारी माझ्याकडे आली होती, तेव्हा थोडं शिकलो. वरून इतकी देखणी की मामीला वाटलं, दोन लाख सहज येतील. ओळखीच्या आर्मररने, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, नळ्या खोलून वेगळ्या केल्या, बोटाला टांगल्या आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. चांगल्या नळ्या घंटेसारख्या घुमतात. या ‘थप्प’ वाजल्या. दोन नळ्यांमधली पट्टी सुटत आली होती. आपल्याकडे मडकंसुद्धा वाजवून घेतात, आणि आम्ही दोन लाखांची स्वप्नं नुसती बघून रंगवली होती! मग त्याने उजेडाकडे धरून आत बघायला लावलं. मध्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मामा बंदूक वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवायचे. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि लोखंड खातं. दुकानांनी सांगितलेला भाव मी मामीला दोन दिवस सांगितलाच नाही.

दुकानात ठेवलेल्या बंदुकीचं असंच असतं. काळं पॉलिश नव्याने चढवलं की गंज दिसत नाही. कोरलेली अक्षरं बघा : कडा बोथट, पुसट झाल्या असतील तर नळी घासून चकाचक केली आहे. स्क्रूच्या खाचा चेपल्या असतील तर कुणीतरी अडाणीपणाने खोलली आहे. बंद केल्यावर नळ्या आणि मागचा भाग यांच्यात उजेडाची रेघ दिसली, किंवा नळी हातात हलली, तर पुढे बघूच नका. लाकडी दस्ता मानेपाशी चिरलेला असतो, त्यात पॉलिश भरलेलं असतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीची, लांबी. बऱ्याच जुन्या विलायती बंदुका 65 मिमीच्या काडतुसासाठी बनल्या. त्यात आजचं 70 मिमीचं घातलं की दाब धोकादायक वाढतो, आणि ते सहज आत बसतं म्हणून लक्षातही येत नाही. हे आर्मररकडून मोजून घ्या. हा खर्च वाचवू नका.

तुमची गरज खरी असेल तर देशी बनावटीची नवी दुनळी बघा. ती विलायतीपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि काडतुसाच्या लांबीचा घोळ राहत नाही. एक आठवण मात्र द्यायलाच हवी : रानडुकरावर गोळी झाडायला शस्त्रपरवाना पुरत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ती मिळणार नसेल तर तीन एकरांना सौर कुंपण घालणं जास्त शहाणपणाचं. निवडणुकीत बंदूक जमा करायचा आदेश येऊ शकतो. कुंपण कुणी जमा करायला सांगत नाही.

इतकं करूनही मन त्या विलायतीवरच असेल, तर दरमहा बाजूला टाकून वर्षभरात पैसे उभे करा आणि तो आकडा मालमत्तेच्या यादीत लिहू नका, हौसेच्या खात्यात लिहा. तपासणीआधी टोकन म्हणून 5 हजारांच्या वर देऊ नका, आणि ‘आर्मररच्या तपासणीत दोष निघाल्यास परत’ हे नळीच्या नंबरासकट पावतीवर लिहून घ्या. दुकानदाराने त्याला का-कू केलं, तर बंदूक आतून कशी आहे ते तुम्हाला कळलंच.