डबा रिकामा असताना उपकारस्तुती कशी करायची?

"पाळकसाहेब सांगतात, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मी करते. 'प्रभू, तुझे आभार' म्हणते आणि आतून नुसती चीड येते. मग वाटतं, माझं हे ढोंग देवाला दिसत असणार, म्हणूनच तो पुरवत नाही."

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या एका ताईंचं हे बोलणं. मिस्टरांची कंत्राटावरची नोकरी सहा वर्षांनी, चार महिन्यांपूर्वी गेली. दोन मुलं शाळेत. ताई पाच जणांचे डबे करतात. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन कुटुंबांचे अनुभव इथे एकत्र केले आहेत आणि आकडे थोडे बदलले आहेत.) टंचाईतल्या ख्रिस्ती घरांतून हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो: आभार मानवत नाहीत, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

अशा वेळी लगेच वचनं सांगायला घेतली की समोरचं माणूस मान डोलावतं आणि मिटून जातं. वचनं त्यांना पाठ असतात. म्हणून पहिल्या भेटीत विश्वासाचा विषय बाजूला ठेवून वही काढली. बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवा सावकाराच्या भीतीने अलीशा या संदेष्ट्याकडे येते, तेव्हा तो उपदेश करत नाही. विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तोच प्रश्न ताईंना विचारला.

खर्च असा निघाला. भाडं ६,५००, वीज आणि गॅस १,९००, किराणा-दूध ६,०००, शाळा आणि बसपास १,८००, गटाच्या कर्जाचा हप्ता २,१५०, ६०,००० रुपयांच्या सोनेतारण कर्जाचं व्याज ६००. एकूण १८,९५०. डब्यांचे १२,००० येतात, पण सामानाचे ७,००० वजा केले तर हाती ५,००० उरतात. मिस्टर मिळेल तिथे टेम्पोवर जाऊन सरासरी ७,००० आणतात. म्हणजे तूट ६,९५०, दिवसाला साधारण २३० रुपये. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या. चार महिने त्यांच्या डोक्यात 'सगळं संपलं' एवढंच होतं. २३० रुपयांसाठी प्रार्थना करता येते. 'सगळं संपलं' याचं काय करणार? प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही आजची.

यादीत दोन रकमा नव्हत्या. बऱ्याच वेळाने खालच्या आवाजात त्या बाहेर आल्या. जुन्या २२,००० पगाराचा दशांश, म्हणजे दहावा भाग, २,२००, अजून दर महिन्याला मंडळीत (चर्चमध्ये) जात होता. शिवाय मोबाइलवर ऐकलेल्या एका प्रचारकाला 'विश्वासाचं बी' म्हणून १,१०० रुपये. दोन्ही सोनं ठेवून आणलेल्या पैशांतून. दान थांबवलं तर पुरवठा थांबेल, ही भीती. इथे स्पष्ट बोलावंच लागतं. दशांश उत्पन्नाचा असतो, कर्जाचा नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की दान माणसाजवळ जे आहे त्या मानाने मान्य होतं, जे नाही त्या मानाने नव्हे. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे तिच्याजवळची होती नव्हती ती नाणी, सगळेच ऐकवतात. मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्या जरा आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झापतो, ते मात्र ऐकवत नाहीत. 'बी' त्याच दिवशी बंद झालं. मंडळीतल्या दानाबद्दल पाळकसाहेबांशी आकडे दाखवून बोला, असं सुचवलं. ताईंना वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

मग चिडीचा विषय. 'सर्व स्थितीत' याचा अर्थ 'त्या स्थितीबद्दल' असा नाही. हे वचन थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रातलं; नोकरी गेली म्हणून आभार माना, असं त्यांना सांगितलेलं नाही. इफिसकरांच्या पत्रातलं 'सर्व गोष्टींबद्दल' पुढे करणारे भेटतात. पण पौलाने स्वतः 'देहातला काटा', म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काट्याचे गोडवे गायले नाहीत. स्तोत्र १३ तर ताईंसमोर उघडूनच ठेवलं. सहा ओवींचं स्तोत्र. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा. पुढच्या दोन ओव्यांत मागणी. भरवसा आणि गाणं शेवटच्या दोन ओव्यांत. ताई पहिल्या चार ओव्या गिळून थेट पाचवीवर उडी मारत होत्या. जे बोललं नाही ते चीड होऊन वर येत होतं.

त्यावरून रोजची चार ओळींची पद्धत ठरली. पहिल्या ओळीत आजची तक्रार, देवाला उद्देशून, जशी मनात आली तशी. दुसरीत एकच मागणी, आकड्यासह. तिसरीत आज मिळालेली एकच गोष्ट, कुणाच्या हातून आली त्याच्या नावासकट. चौथीत उद्या करायचं एक काम. वेळ दहा मिनिटं, रात्रीची भांडी झाल्यावर. सकाळी नको, डब्यांच्या घाईत ती वही चिडचिडीचं आणखी एक कारण होते.

पाचव्या दिवशीच गाडी घसरली. ती बहुतेकांची तिथेच घसरते. तिसऱ्या ओळीत 'आरोग्य, कुटुंब, छप्पर' असं छापील लिखाण सुरू झालं, आणि त्याखाली 'आमच्यापेक्षा वाईट किती जणांचं आहे'. दुसऱ्याच्या हालांवर उभं राहून मानलेले आभार दोन दिवस टिकतात, मग अपराधीपणा येतो: एवढं असूनही मी रडतेय! म्हणून दोन नियम घातले. तुलना लिहायची नाही. आणि गोष्ट इतकी बारीक हवी की कालच्या पानावर ती चाललीच नसती. पुढच्या आठवड्यात वहीत आलं: 'वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कढीपत्त्याची फांदी दिली.' 'मुलाने स्वतःहून पाणी भरलं.' काही दिवशी तिसरी ओळ रिकामी राहिली. राहू दे म्हटलं. खोटं भरण्यापेक्षा ते बरं.

खरी गाठ मिस्टरांकडे होती. तिसऱ्या भेटीला ते आले. त्यांच्या आईने लहानपणापासून सांगितलेलं, पंडिता रमाबाईंनी माणसापुढे हात पसरला नाही, देवाने पुरवलं. त्यांना विचारलं, केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तुम्ही काय पाहिलंत? प्रार्थना होत्याच, पण तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना चालला, दुष्काळातून आणलेल्या मुलींना हातात काम मिळालं. मग साधा प्रश्न: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर मालकाने द्यायची रक्कम, मिळाली का?

त्यांनी मागितलीच नव्हती. "वाद नको म्हणून देवावर सोपवलं."

पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी कंत्राटी कामगारालाही लागू होते, संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असली म्हणजे झालं. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. त्यांचं मूळ आणि भत्ता मिळून १४,३००. म्हणजे दिवसाला ५५०, वर्षाला ८,२५०, सहा वर्षांचे ४९,५००. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. देय झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यावी लागते, नाही दिली तर कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. स्वतःच्या घामाचे पैसे मागणं म्हणजे अविश्वास, हे कुठून आलं कोण जाणे. याकोबाच्या पत्रात मजुरांची अडवलेली मजुरीच ओरडते आहे.

रेशनचंही तसंच. कार्ड होतं, प्राधान्य गटातलं, पण गावच्या पत्त्यावर, म्हणून धान्य उचलत नव्हते. शिवाय रांगेत मंडळीतलं कुणी बघेल ही लाज. कार्ड आधारशी जोडलेलं असलं की अंगठा लावून कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं. डोई पाच किलो, चौघांचे वीस किलो, मोफत. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळाला तोही माणशी मोजून, आणि गोळा करायला सकाळी तंबूबाहेर जावंच लागायचं.

हप्त्यांचा क्रम लावताना भाडं आणि जेवण आधी, नंतर सोन्याचं व्याज, कारण ते थकलं तर दागिने लिलावात जातात. गटाच्या हप्त्यासाठी मुदत वाढवून मागणारा अर्ज शाखेत दिला. नवं कर्ज काढून जुना हप्ता फेडायचा नाही, हे मिस्टरांकडून वहीत लिहून घेतलं. गटाच्या कर्जाचे वसुलीवाले रात्री आठला दारात यायचे. अशा कर्जात संध्याकाळी सहानंतर वसुलीला येण्याची परवानगीच नाही, हे कळल्यावर ताई निदान रात्री जेवायला लागल्या.

झोपेबद्दल मात्र वेगळं विचारलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नाही. डॉक्टर गाठायचा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करायचा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ताईंना त्याची गरज पडली नाही.

आठव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "पाळकीणबाई म्हणाल्या साक्ष दे, देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांग. पण अजून काय मिळालंय? ग्रॅच्युइटीचा अर्ज गेलाय, पैसे नाहीत. काय सांगू?" जे आहे ते सांगा, असं म्हटलं. अलीशाने त्या विधवेला शेजारणींकडून भांडी मागून आणायला लावलं होतं; तिची गरज आळीला कळल्याशिवाय तेल साठवायला भांडी मिळाली नसती.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. रेशनचे वीस किलो आले, दोन नवे डबे लागले, वरच्या काकूंचा कढीपत्ता, यासाठी उपकारस्तुती केली. मग म्हणाल्या, ग्रॅच्युइटीचा अर्ज गेलाय पण पैसे आलेले नाहीत, गटाचे दोन हप्ते थकले आहेत आणि यांना कायमचं काम नाही, प्रार्थना करा. मंडळी जरा गप्पच झाली. साक्षीत थकलेले हप्ते ऐकायची सवय नव्हती. उपासना सुटल्यावर एक बाई त्यांना चपला ठेवतात त्या कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि हळूच विचारलं, "तो अर्ज कुठे मिळतो गं? आमच्या ह्यांचीही सात वर्षं झालीत."